उघड्या शटरांची पाहणी

आर्णीच्या बाहेरून वळणरस्ता झाला आणि त्याचे परिणाम मोजण्यासाठी मोठ्या शहरातून विद्वान मंडळी आली. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. कोणाला काय विचारावे हे मला पदवीवाचून कळते. या मंडळींची पद्धत अशी, की जुन्या रस्त्यावरच्या उघड्या दुकानांत शिरायचे आणि धंदा चालतो का, असे विचारायचे. ज्यांचा धंदा बसला त्यांनी शटर केव्हाच ओढले होते. लग्नाच्या पंगतीत फिरून गावात उपाशी कोण, याचा शोध घ्यावा, तशातलाच हा प्रकार.

माझ्या टेबलासमोरचा मोटारसायकल मिस्त्री शटर बंद म्हणून पाहणीतून असाच सुटला. बाधित म्हणून नाव लागले, तर त्याला वळणरस्त्याच्या नव्या नाक्यावर गाळा मिळणार होता.

"वकीलसाहेब," तो मला म्हणाला, "त्याइले माह्या दुकानाचं कुलूप दिसते, मी काहून नाही दिसत?"

मी त्याला नियमाला धरून सल्ला दिला: उद्या शटर उघडून नुसता बस, येतील आणि विचारतील.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेले मात्र, सारा मोहल्ला गाड्या ढकलत हजर. पैसे मोजणारे वाटसरू वळणरस्त्याने गेले होते. उरले होते ते हे, फुकट हवा भरून घेणारे.

"भाईजान, कुठी गेलते इतके दिवस? जरा चैन पाहून द्या ना!"

नाही म्हणणे मिस्त्रीच्या रक्तात नाही. त्याने पाना उचलला आणि नेमके तेव्हाच पाहणीवाले साहेब आले.

"धंदा जोरात दिसतो."

"नाही साहेब, दुकान बंद हाय."

"बंद? मग ही गर्दी?"

मागून एक फुकट्या ओरडला, "लिहा साहेब, असा मिस्त्री जिल्ह्यात नाही!"

साहेबांनी लिहिले. परिणाम: अनुकूल.

दुकान बंद असताना फेरपाहणी व्हावी, असा विनंतिअर्ज मी सविस्तर लिहिला. बंद दुकानास भेट देण्याची तरतूद नाही, असे उत्तर आले. अडाण्यांपुढे तर्कशास्त्र मांडणे मी तेव्हापासून कमी केले.

गाळा गेला तो गेलाच. हल्ली मिस्त्री नाक्यावर रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसतो. गाडी दिसली की उठून उभा राहतो. पुढची पाहणी आली, म्हणजे नव्या रस्त्यामुळे निर्माण झालेल्या रोजगारात त्याची गणना होईल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.