दोन उन्हाळे सुकलेली लाकडं

आमचं घर यूएईतल्या खोर फक्कानला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. जुनं, बैठं, भाड्याचं. नवरा पोर्टवर डॉक्युमेंटेशनमध्ये. गावाकडच्यांना सांगून पटत नाही, पण जानेवारीत इथल्या फरशा अशा गार पडतात की मुलं घरातसुद्धा मोजे घालून फिरतात.

सासरे गेले त्या वर्षी आम्ही सासूबाईंना, अम्मींना, रत्नागिरीजवळच्या गावातून हिवाळ्यापुरतं इकडे आणलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तरी आम्ही दोघी सलग पंधरा दिवससुद्धा एकत्र राहिलो नव्हतो. त्या मुळात कमी बोलणाऱ्या, आणि मी त्यांना घाबरून त्याहून कमी. शाल गुंडाळून, पाय वर घेऊन त्या सोफ्याच्या टोकाला बसायच्या. थंडी वाजते का विचारलं की नाही म्हणायच्या. एकदा पांघरूण सारखं करताना त्यांच्या पावलांना माझा हात लागला, तर पावलं बर्फासारखी.

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिक हीटर आणला. त्याने अम्मींचे डोळे चुरचुरायला लागले, शिवाय गीझर आणि तो एकदम चालू झाले की सगळ्या घराची लाइट जायची. दोन-तीनदा असं झाल्यावर अम्मींनीच विचारलं, इथे लाकडं मिळत नाहीत काय?

मिळत होती. डोंगराकडच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या बलुची चाचांची वखार आहे. सुट्टीच्या दिवशी कॅम्पिंगला जाणारे तिथूनच लाकडं नेतात. शुक्रवारी नमाजनंतर आम्ही तिघं गेलो. नवऱ्याने काच खाली करून गाडीतूनच एक बंडल मागितलं. तीस दिरहम ऐकल्यावर सवयीने मोठ्याने बोललाही, म्हणजे सातशे रुपयांच्या वर गेले. तोवर अम्मी दार उघडून खाली उतरल्या होत्या.

त्यांनी बंडलातली दोन लाकडं उपसली, एकमेकांवर आपटली आणि कान दिला. ओल्या लाकडासारखा बद्द आवाज आला. त्यांनी लाकडं परत ठेवली, दुसरी घेतली, साल नखाने खरवडून पाहिली, मान हलवली. मला ओशाळल्यासारखं झालं. चाचा मात्र नुसते बघत होते. मग त्यांनी हाताने खूण करून आम्हाला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आत समरची, म्हणजे इथल्या बाभळीची, लाकडं छपरापर्यंत रचलेली होती.

"माँजी, ये लो," ते म्हणाले. "दो गर्मी सूखी है."

अम्मींनी दोन घेऊन आपटली. खणखणीत आवाज आला. त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. विस्तव बंद खोलीत नेऊ नका, बाहेरच पेटवा, असं चाचांनी बजावलं, तेही त्यांनी नीट ऐकून घेतलं.

चाचा डिकीत लाकडं भरत होते तेव्हा नवरा त्या रचलेल्या राशीकडे बघत म्हणाला, "अब्बा परदेशातून सुट्टीवर आले की हेच करायचे. चाळीस दिवसांची सुट्टी, आणि आम्हाला घेऊन बसायचं सोडून परसात कुऱ्हाड चालवत राहायचे. मला वाटायचं, त्यांना आमच्याशी बोलायलाच आवडत नाही."

अम्मींनी राशीतलं एक लाकूड उचललं. मग म्हणाल्या, "वर्षाची लाकडं फोडून जायचे ते. मी नसताना हिला कुऱ्हाड उचलायला लागू नये, म्हणायचे." हातातलं लाकूड त्यांनी डिकीत ठेवलं. "शेवटच्या खेपेची अजून अर्धी पडवी भरून आहेत. मला जाळवत नाहीत."

नवऱ्याने तोंड फिरवलं. मग जवळ जाऊन त्यांच्या शालीचं खांद्यावरून घसरलेलं टोक वर केलं आणि तसाच उभा राहिला. चाचांनी डिकी लावली तरी तो तिथून हलेना.

घरी आल्यावर अंगणात लोखंडी शेगडी मांडली. नवऱ्याला पेटवता येईना. अम्मींनी त्याला बाजूला सारलं, बारीक ढलप्या खाली, जाड वर, अशी रचना केली आणि एका काडीत जाळ केला. मगरीबच्या, संध्याकाळच्या नमाजाला अजून अवकाश होता. त्यांनी आतून मुलांच्या गोधड्या मागवल्या, एकेक विस्तवासमोर धरून ऊन केली आणि मुलांना गुंडाळून बसवलं. धाकटी म्हणाली, "दादी, सो वॉर्म!" अम्मींना इंग्रजी कळत नाही. त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला.

मी चहा घेऊन आले तेव्हा त्या बाकावर सरकल्या आणि शेजारी जागा केली. मी बसले. जाळाकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत गं आता?"

बारा वर्षांत त्यांनी मला माझ्या आईबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं. मी दोन शब्दांत उत्तर देणार होते. पण त्या कप हातात धरून थांबल्या होत्या, खरंच ऐकायला. मग मी आईबद्दल सांगायला लागले, आणि अजान होईपर्यंत सांगतच राहिले.