काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या

नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर आमच्या छायाचित्र मंडळाची खोली आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तिथे पंधरा-वीस माणसं जमतात आणि एकमेकांचा अपमान करतात. गेली पाच वर्षं मी न चुकता जाते.

पद्धत अशी. प्रत्येकानं एक फोटो छापून आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. ज्याचा फोटो त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. "फोटोला काय सांगायचंय ते तो सांगेल, आपण त्याचे वकील नाही," असं आमचे काका म्हणतात. काका म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद, निवृत्त ड्राफ्ट्समन, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्या शर्टाच्या खिशात काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या असतात. त्या समोरासमोर ठेवल्या की चौकट होते. मग काका ती चौकट आत आत सरकवतात आणि फोटोतलं नको असलेलं सगळं झाकत जातात. पट्ट्या थांबतील तिथे फोटो कापायचा. क्वचित कधी चारी बाजूंनी सरकवूनही काही कापावंसं वाटत नाही. तेव्हा काका एक शब्द बोलत नाहीत, पट्ट्या उचलून खिशात ठेवतात. पट्ट्या खिशात गेल्या की फोटो पास, आणि पास झालेला फोटोच वर्षाच्या प्रदर्शनात भिंतीवर लागतो.

माझा पहिला फोटो आमच्या बिबवेवाडीच्या गच्चीवरून काढलेल्या संध्याकाळचा होता. केशरी आभाळ, पाण्याच्या टाक्या, वायरी, सगळं होतं. पट्ट्या सरकत सरकत काडेपेटीएवढ्या झाल्या आणि आत एक कावळा उरला.

"कावळा बरा आहे," काका म्हणाले. "बाकीचं आपण कशासाठी काढलंत ते आपल्यालाच ठाऊक."

सगळे हसले. मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली आहेत. तिथे लोकांची बोलणी खायची सवय असते. तरीही परतीच्या बसमध्ये माझे डोळे भरून आले. स्वारगेटपर्यंत रडू होतं, तिथून पुढे राग होता. घराचं कुलूप उघडताना ठरलं होतं की त्या भिंतीवर माझा एक फोटो लागेल, आणि त्या पट्ट्या खिशात जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघेन. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी हट्टाला पेटतो का? मी पेटते.

त्यामागे आणखीही एक कारण होतं. माझे वडील कारखान्यात टर्नर होते. पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिले. आमच्या घरी त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते स्टुडिओवाल्याचा कोट घालून, स्टुडिओवाल्याच्या खुर्चीत, परक्या माणसासारखे बसलेत. त्यांच्या हातात त्यांचं काम आहे असा एकही फोटो नाही. म्हणून मी कॅमेरा घेतला तेव्हाच ठरवलं होतं की काम करणारी माणसं काढायची. मग पहिल्याच दिवशी केशरी आभाळ का नेलं, कोण जाणे. बहुतेक चांगलं दिसावं म्हणून.

पुढची तीन वर्षं पट्ट्यांनी माझं काही शिल्लक ठेवलं नाही. पण त्याच लोकांनी मला सांभाळलंही, हे सांगायला हवं. माझी लेन्स अडकली तेव्हा घड्याळवाल्यांनी ती उघडून साफ करून दिली. हे आमच्यातले दुसरे खडूस. कॅम्पात त्यांचं तीन पिढ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. लेन्स हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, ही लेन्स आहे की लोणच्याची बरणी?" आणि साफ होईपर्यंत वापरायला स्वतःची लेन्स दिली. "काचेला बोट लागलं तर बोट ठेवून घेईन," अशी ताकीदही दिली. माझी लेन्स आठवड्यात दुरुस्त झाली. त्यांची आठ महिने माझ्याकडे होती, त्यांनी एकदाही विचारलं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा तीन आठवडे मंडळातून डबा येत होता. काकांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असे: "डबा घासून परत करावा. घाई नाही."

मागच्या वर्षी मी मार्केट यार्ड धरलं. दर रविवारी सकाळी कांद्याच्या गाळ्यांपाशी जायचं. तिथे पत्र्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली येतो, धुळीत अगदी स्पष्ट दिसतो, आणि जेमतेम वीस मिनिटं टिकतो. त्या पट्ट्यातून पोतं घेऊन जाणारा हमाल मला हवा होता. घड्याळवालेही त्याच उन्हावर टपलेले असायचे, त्यामुळे आमची दर वेळी भांडणं.

अकराव्या रविवारी तो माणूस आला. साठीचा असेल, डोक्याला मुंडासं, पाठीवर पन्नास किलोचं पोतं. बरोबर उन्हात पाऊल टाकलं आणि मी बटण दाबलं, तर चौकटीत घड्याळवाल्यांचं कोपर.

"अहो, कोपर!" मी ओरडले.

"माझंच आहे ताई, दुसरीकडे कुठे ठेवू?"

ऊन सरकत होतं. पुढच्या रविवारी हा माणूस दिसेल याची खात्री नव्हती. प्रदर्शनाआधी एकच बैठक उरली होती. मी पुढे धावले आणि म्हणाले, "मामा, मामा, जरा परत एकदा उचलाल का? इथेच, उन्हात."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी पोतं खाली टेकवलं, वाकले, आणि पुन्हा पाठीवर घेतलं. मी सहा फोटो काढले. पाचव्यात सगळं जुळून आलं. मानेच्या शिरा ताणलेल्या, दात आवळलेले, कपाळावरच्या घामावर ऊन. मी "थँक्यू मामा" म्हणेपर्यंत ते निघून गेले होते.

बैठकीत तो फोटो टेबलावर ठेवला आणि सगळे पुढे वाकले. "काय चेहरा मिळालाय," कोणीतरी म्हणालं. "त्या शिरा बघा." काकांनी पट्ट्या ठेवल्या. डावीकडून सरकवल्या, परत मागे नेल्या. वरून सरकवल्या, परत मागे नेल्या. मग त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि खिशात ठेवल्या.

चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मला उठून नाचावंसं वाटलं. पण काका अजून वाकलेलेच होते.

"हे पोतं वाटेत मधोमध कसं आलं?" त्यांनी विचारलं. "थप्पी मागे दिसतेय, टेम्पो पुढे. मी तिथे तीस वर्षं फोटो काढलेत. हमाल पोतं मधल्या वाटेत टेकवत नाही. पाठीवर चढवायला दुसरा माणूस लागतो. जमिनीवरचं पोतं एकट्यानं घ्यायचं म्हणजे कंबरेची वाट. शिरा का ताणल्यात, ते कळलं मला."

नियमाप्रमाणे मला बोलायचं नव्हतं. गप्प बसले असते तर कोणी मला विचारलं नसतं. त्या नियमाआड लपणं किती सोपं होतं! पण माझ्या कानशिलांना आग लागली होती. मी आयुष्यभर कचेरीत साहेबांच्या "जरा परत करून आणा"वर चरफडले, आणि त्या माणसाला पन्नास किलोचं तेच सांगितलं.

"दुसऱ्यांदा उचललं त्यांनी," मी म्हणाले. "मी सांगितलं म्हणून."

"अर्धा गुन्हा माझ्या कोपराचा आहे," घड्याळवाले म्हणाले.

काका सरळ झाले. "फोटो पास आहे. कसा काढला ते नियमात कुठे लिहिलेलं नाही. लावायचा की नाही ते आपण ठरवा, बाई. आम्ही कोण?"

मी फोटो पिशवीत घातला. त्या मामांना दाखवल्याशिवाय लावणार नाही, असं सांगून निघाले.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन मार्केट यार्डात गेले. गेटाशी घड्याळवाले उभे होते. "तुम्ही रस्ता चुकाल म्हणून आलो," म्हणाले. तीन महिने मी दर रविवारी तिथेच येत होते. कांद्याच्या गाळ्यापाशी काका कापडी पिशवी घेऊन उभे. "मला बटाटे घ्यायचेत," ते म्हणाले, आणि पाऊण तासात त्यांनी एकही बटाटा घेतला नाही.

मामा सापडले. मी आधी माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला परत उचलायला लावलं, ते चुकलं. त्यांनी हात झटकला. "व्हय, दोन दिस कंबर धरली हुती. जाऊ द्या." मग फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो फोटू कुणाला दावला काय?"

"मंडळात दाखवला. सगळ्यांना आवडला."

"ह्यात म्या नवखा दिसतोय," ते म्हणाले. "पोतं असं घेत न्हाईत. पाठ बघा, कशी वाकडी झालीय. पाय बघा, कुठंच्या कुठं. चाळीस वरसं हमाली केली ताई, अन् फोटू निघाला तो असला. घरच्यांनी बघितला तर म्हणतील, म्हाताऱ्याला काम येत न्हाई."

मला स्टुडिओतल्या कोटातले वडील आठवले. त्यांना निदान परका कोट तरी मिळाला होता. या माणसाला मी त्याच्याच कामात अडाणी करून ठेवलं होतं. मला खरोखर लाज वाटली. मी तो फोटो तिथेच दोन तुकडे करून पिशवीत टाकला. काका आणि घड्याळवाले बघत होते. दोघांपैकी कोणी टोमणा मारला नाही, त्यावरूनच काय ते समजावं.

मामांनी मात्र विषय संपवला नव्हता. त्यांनी एका जोडीदाराला हाक मारली. "थांबा, आता नीट बघा," म्हणाले आणि थप्पीपाशी गेले. पाठ सरळ, गुडघे किंचित मोडलेले, एक पाऊल पुढे, मागचं आडवं. जोडीदारानं वरून पोतं सोडलं आणि ते त्यांच्या पाठीवर असं बसलं, जणू तिथलंच होतं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मी त्यांना परत म्हणाले नाही. एकदाच बटण दाबलं. तिथे ऊन नव्हतं. नुसता पत्र्याखालचा करडा उजेड होता.

प्रदर्शनाच्या निवडीसाठी काकांनी खास अर्धा तास दिला. मी तो नवा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी पट्ट्या काढल्या. वरून कापलं, उजवीकडून कापलं, आणि खालून सरकवत गुडघ्यांपर्यंत आणलं.

"चेहरा शांत आहे, चांगला आहे. उजेड मेलेला. पाय कापा, पायांत काही नाही. असा नापास."

"नाही कापणार," मी म्हणाले.

"मग भिंतीवर नाही."

"नको."

त्या वर्षी भिंतीवर माझा फोटो नव्हता. घड्याळवाल्यांचा होता, आणि त्यात माझी ओढणी आली होती, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवून दिलं. मामांना मात्र मी त्यांचा फोटो पायांसकट मोठा छापून दिला. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नेहमीसारखी मंडळात गेले, कांदे निवडणाऱ्या बायकांचा एक फोटो घेऊन. पट्ट्यांनी तोही अर्धा खाल्ला. म्हटलं, खाऊ देत.

या वर्षी आम्ही तिघं पुन्हा कांद्याच्या गाळ्यांपाशी गेलो. हमालांच्या बसायच्या जागी पाण्याच्या पिंपाशेजारी खांबाला काहीतरी टांगलेलं दिसलं. तो माझा फोटो होता, वरून प्लॅस्टिक चढवलेला. समोर नव्यानं कामाला लागलेली दोन माणसं उभी होती आणि मामा त्यांना फोटोवर बोट ठेवून काही सांगत होते.

काका जवळ गेले. जित्याची खोड. खिशातून पट्ट्या निघाल्या आणि सवयीनं फोटोच्या खालच्या बाजूला टेकल्या.

"ओ साहेब," मामा वैतागून म्हणाले, "पाय झाकू नका. ह्यांना पायच शिकवायचे हाईत. सगळं पायांतच हाय."

काकांनी फोटोकडे बघितलं, त्या दोन नव्या माणसांच्या पायांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि खिशात ठेवल्या.