पडकं दाखवण्याची सात वर्षं

टूर संपली आणि आठही जण कुडाळ स्टेशनवर उतरले की बाबल गाडी बाजूला घेऊन झाडायला लागतो. दर वेळी दोन मुठी वाळू निघते. शेंगांची टरफलं निघतात, एखादी टोपी निघते. एकदा एका पायाची चप्पल निघाली. ती विसरलेला माणूस मुंबईपर्यंत कसा पोचला असेल, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. पंधरा मिनिटांत बाबलची गाडी पुन्हा कोरी होते. माझं तसं होत नाही. टूरमधलं माझ्यात जे राहून जातं, ते झाडून काढणारं कोणी नाही. सात वर्षांचं साठलंय. ऐका.

आधी आम्ही कोण, ते सांगतो. मी मालवणात बत्तीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला आणि रिटायर झालो. घरी बसवेना. बाबलकडे दहा सीटची गाडी होती. शुभांगीवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, तिच्या तारकर्लीला माडांच्या बागेत चार खोल्या होत्या. तिघांनी मिळून तीन दिवसांची टूर काढली. फक्त आठ माणसं. जुने भग्न अवशेष आणि किनाऱ्यावरची गावं. मी दाखवायचं, बाबलने फिरवायचं, वहिनीने जेवू घालायचं. सुरुवातीला मला वाटायचं, या तिघांत मुख्य काम माझं.

*

पहिली टूर पुण्याच्या एका कुटुंबाची. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांचे दोन भाऊ, बायका-मुलं. वेंगुर्ल्याला डचांची जुनी वखार आहे. छप्पर कधीच गेलंय, भिंती उभ्या आहेत आणि आत झाडं वाढली आहेत. मी आदल्या दिवशी घरी आरशासमोर उभं राहून तयारी केली होती. डच इथे कशासाठी आले, माल कुठून यायचा, कुठे जायचा, सगळं सांगितलं. चांगली चाळीस मिनिटं.

गृहस्थ हाताची घडी घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, एक चक्कर मारून आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "माहिती छान आहे. पण असं अर्धवट काय दाखवता? छप्पर घातलं की फोन करा, आम्ही परत येऊ."

नंबर लिहून दिला. मी तो घेतला. काय करणार.

*

दुसऱ्या वर्षी निवतीच्या किल्ल्यावर मला माझा पहिला श्रोता मिळाला असं वाटलं. चाळिशीचा माणूस, ठाण्याचा. बाकीचे सात जण खालच्या समुद्राचे फोटो काढत होते आणि हा एकटा माझ्या मागेमागे. तटबंदी कुठून कुठपर्यंत होती, ते विचारलं. पावलं टाकून अंतर मोजलं. पाणी कुठून यायचं, रस्ता किती रुंद होता, हेही विचारलं. मी इतका खूश झालो की उतरताना त्याला झाडीत लपलेला बुरूजही दाखवला. तो मी सहसा कोणाला दाखवत नाही, कारण तिथे जाताना काटे लागतात. त्याला काटे लागले तरी तो आला.

बुरुजावर उभा राहून त्याने समुद्राकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो बोललाही.

"लोकेशन एक नंबर. टायटल क्लिअर आहे का?"

दोडामार्गला त्याने आधीच काजूची बाग घेतली होती. आता त्याला सी-व्ह्यू हवा होता. किल्ला विकाऊ नसतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळे आधी असंच म्हणतात.

*

लोक टूरनंतर इंटरनेटवर अभिप्राय लिहितात. मला ते उघडता येत नाहीत, म्हणून तारकर्लीच्या पडवीत बसून वहिनी मोबाइलवर वाचून दाखवायची. सुरमई अप्रतिम. सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली. ड्रायव्हर बाबलभाऊ एकदम सेफ. किल्ल्यांबद्दल काही आहे का, असं मी दर वेळी विचारायचो. एका संध्याकाळी वहिनी वाचता वाचता थांबली. मोबाइल उलटा ठेवून म्हणाली, आता चहा घेऊया.

मी हट्ट धरला. तेव्हा तिने वाचलं.

"जेवण पाच स्टार. सर कमी बोलले असते तर गरम खाता आलं असतं."

मग आम्ही चहा घेतला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. एरवी ती येत नाही. जरा संकोचून तिने विचारलं, "भावजी, आज किती येळ बोलतल्यात? तसो मी तवो चुलीर ठेवतंय."

तिचा हेतू चांगला होता. माझ्या भाषणाचं कोणी घड्याळ लावून वेळापत्रक केलं, ते तेव्हाच.

*

चौथ्या वर्षी मुंबईच्या एका ऑफिसचा ग्रुप आला. त्यात माझा जुना विद्यार्थी निघाला. पस्तिशीचा झालेला, अंगाने भरलेला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. होडीतून मालवणच्या किल्ल्यात गेलो, तेव्हा माझ्या सवयीप्रमाणे मी प्रश्न टाकला, किल्ला बांधायला हेच बेट का निवडलं असेल?

मला उत्तराची अपेक्षा नसते. प्रश्न विचारायचा, थोडं थांबायचं आणि आपणच सांगायचं. पण हा पुढे आला आणि हात मागे बांधून म्हणू लागला. भोवती पाण्याखाली खडक, त्यामुळे परक्याचं जहाज जवळ येत नाही. आत गोड्या पाण्याच्या विहिरी. किनारा हाकेच्या अंतरावर. एक मुद्दा सुटला नाही. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. वीस वर्षांनी. बत्तीस वर्षं फुकट गेली नाहीत, असं मला त्या क्षणी वाटलं आणि चष्मा पुसावा लागला.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला इतकं कसं रे आठवतं?

तो म्हणाला, "सर, सहामाहीला याच प्रश्नाला तुम्ही मला शून्य दिलं होतं. बाबांनी पट्टी घेऊन शंभर वेळा पाठ करून घेतलं. अजून किल्ला पाहिला की माझे हात आपोआप मागे जातात."

मग आलास कशाला, असं विचारलं. ऑफिसची ट्रिप होती, प्रत्येकाला येणं भाग होतं.

*

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्या कातळावर, कुठे कुठे फार जुनी चित्रं कोरलेली आहेत. किती जुनी, ते कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. त्यातली एक जागा मला कॉलेजपासून माहीत होती. मासा होता, दोन हरणं होती आणि हात पसरलेला एक माणूस होता. डोकं नसलेला. ती जागा मी टूरच्या शेवटी ठेवायचो. तिथे मी बोलत नसे. लोकांना चपला काढायला लावायच्या आणि चित्राभोवती नुसतं उभं करायचं. एवढ्या एका ठिकाणी लोक आपणहून गप्प व्हायचे.

सहाव्या वर्षी पावसाळ्यानंतरची पहिली टूर. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या चपला काढून घेतल्या आणि मी पुढे झालो. सड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण, झाली होती. पावसाळ्याआधी कधीतरी कापली असावी. सरळ उभ्या कापलेल्या तांबड्या भिंती, पायऱ्यांसारखे टप्पे आणि तळाला हिरवं पाणी. मासा जिथे होता तिथे हवा होती.

माझ्यामागून आठ जण आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून एकदम "बापरे" निघालं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. काय भव्य, काय ती रेषा, त्या काळी कसं कापलं असेल. फोटो सुरू झाले. एक बाई माझ्याकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, "हे कुठल्या काळातलं?"

मी अनवाणी उभा होतो. पायाखालचा कातळ तापला होता.

"आताच्या," मी म्हणालो.

त्यांना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि बाकीच्यांना सांगायला गेल्या. तेही हसले.

गाडीत बसल्यावर बाबलने बराच वेळ चावी फिरवली नाही. त्याने खड्डा पाहिला होता. नंतर म्हणाला, मास्तर, दगड म्हणजे तरी टिकतो असं वाटलं होतं. आणि गाडी सुरू केली.

*

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण सातव्या वर्षी सोलापूरकडच्या एक आजी आल्या. पंच्याहत्तरीच्या, समुद्र पहिल्यांदाच पाहत होत्या. किल्ला पाहायचा म्हणून मुलाच्या मागे लागून आलेल्या. आणि नेमकं त्या दिवशी वारं सुटलं, होड्या बंद. मालवणच्या धक्क्यावर आम्ही सगळे उभे. समोर पाण्यात किल्ला आणि जाता येत नाही.

बाकीचे खरेदीला गेले. आजी तिथेच पायरीवर बसल्या. मग मी त्यांना धक्क्यावरूनच किल्ला दाखवायला लागलो. दरवाजा असा वळून आत जातो, उजवीकडे हे, डावीकडे ते, विहिरीचं पाणी कसं लागतं, तटावर उभं राहिलं की पायाखाली लाटेचा हादरा कसा येतो. वारा तोंडावर होता, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. किती वेळ बोललो ते मला कळलं नाही. बाबलच्या म्हणण्याप्रमाणे दोन तास.

उठताना आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बरं झालं होडी नाही मिळाली, गुरुजी. मला मोतीबिंदू आहे. तिकडे जाऊन काय दिसलं असतं? इथं सगळं दिसलं."

सात वर्षांत मिळालेलं बक्षीस म्हणाल तर हे एवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी माझा घसा बसला. आठवडा गेला, महिना गेला, आवाज आला नाही. गोव्याला डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ होती. काढली. वाईट काही निघालं नाही, पण डॉक्टर म्हणाले, कुजबुजण्यापुरता आवाज येईल कदाचित, तोही सहा महिन्यांनी. तोवर एक शब्द नाही. आणि शिकवणं विसरा.

घरी आल्यावर मी एका कागदावर लिहिलं, 'टूर बंद', आणि बाबलला दिला. त्याने वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. वहिनीने एक बुकिंग आधीच घेऊन ठेवलं होतं. आठ जण. तेवढं करूया, असं त्याने सांगितलं.

*

तर ती शेवटची टूर. मी गळ्याला मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसलो. हे आमचे सोबती आहेत, त्यांना बोलता येत नाही, एवढंच बाबलने लोकांना सांगितलं. मला बोलता येत नाही म्हटल्यावर लोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले. प्रत्येक ठिकाणची माहिती मी कागदावर लिहून झेरॉक्स काढून आणली होती. वेंगुर्ल्याला ती वाटली. लोकांनी तिच्यावर भजी ठेवून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रेडीच्या किल्ल्यात गेलो. भिंतींवर झाडं चढली आहेत आणि मुळांनी चिरे धरून ठेवले आहेत. लोक आत आले आणि नुसते उभे राहिले. कुठे पाहायचं ते त्यांना कळेना. मी एका पडलेल्या चिऱ्यावर बसलो. एवढ्यात बाबल आत आला. सात वर्षांत तो कधी किल्ल्याच्या आत आला नव्हता. दारापर्यंत यायचा, सावलीत बसून विडी ओढायचा.

त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली. माझं भाषण. पहिल्या वाक्यापासून. मी जिथे थांबायचो तिथे थांबत, मी जिथे हात वर करायचो तिथे हात वर करत. अर्धं माझ्या मराठीत, अर्धं मालवणीत. एका राजवटीचं नाव मी पहिली दोन वर्षं चुकीचं सांगत होतो, नंतर सुधारलं. बाबलने चुकीचंच सांगितलं. आठही जण ऐकत होते. मोबाइल खिशात होते.

माझं भाषण जिथे संपतं तिथे तो आला. पण थांबला नाही.

"हो किल्लो जेंनी बांधल्यानी तेंची नावां पुस्तकात गावतत," तो म्हणाला. "पडल्यावर तो रोज कोण दाखवी, ता खंय लिवलेला नाय. आमच्यात एक मास्तर होते."

मग त्याने त्या मास्तरांबद्दल सांगितलं. भर उन्हात कसे उभे राहायचे, कोणी ऐकत नसलं तरी एक वाक्य कमी करायचे नाहीत. घरी परतताना पुढच्या सीटवर बसून कसे म्हणायचे, आज निळ्या साडीतल्या बाईने ऐकलं रे. सड्यावरचा मासा गेला त्या दिवशी घरापर्यंत कसे पाय धरून बसले होते, कातळाने पोळलेले. ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने गाडी चालवता चालवता पाहिलं असणार.

ग्रुपमधल्या एका वयस्क गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. एका बाईंनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "कधी गेले ते?"

बाबलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर कागद होता, खिशात पेन होतं. मी पेन काढलं.

"दोन म्हयने झाले," बाबल म्हणाला.

आठही जण माना खाली घालून उभे राहिले. मी तेवढा बसलेला. बाबलने मला हाताने खूण केली.

मीही उठून उभा राहिलो.