चिंचोके भरलेली काडेपेटी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. अक्कांच्या गमती सांगत बसलो तर ते सोयीस्करपणे मागे पडेल, आणि तसं मी बराच काळ पडू दिलं आहे.

अमळनेरला मी एक बालवाडी चालवतो. अक्का तिथे मोठ्या गटाला शिकवायच्या. त्यांच्या खेळात काडेपेटी म्हणजे मोबाईल, आणि आत चिंचोके. वर्गातल्या सतरंजीवर दुकान मांडलेलं असायचं: मातीची केळी, मातीचे लाडू, एखादी भिंगरी. मुलं काडेपेटी पुढे धरून तोंडाने 'टिंग' करायची, बाजारात पैसे देताना बापाचा मोबाईल वाजतो तसं. पण टिंग केलं की एक चिंचोका काढून दुकानदाराच्या डब्यात टाकायचा. दुकानदार अक्का.

"हलवून पहा शेठ," त्या म्हणायच्या. मूल पेटी कानाशी नेऊन हलवायचं. वाजली तर खरेदी, नाही वाजली तर नुसतं दुकान पाहून घरी.

"आजची पोरं नोट पाहतात कुठे, सर?" त्या मला म्हणाल्या होत्या. "त्यांना वाटतं मोबाईल म्हणजे विहीर. दोर सोडला की पाणी."

एका मुलाने सगळ्या चिंचोक्यांची केळीच घेतली. मग त्याला भिंगरी दिसली.

"बठ्ठं उडाई दिन्हं का, शेठ? मंग आते?" सगळं उडवलंस, आता काय, असं अक्का अहिराणीत विचारत होत्या.

तो विचार करून म्हणाला, "केळी विकतो."

"कालची केळी. भाव उतरला."

डबा खायची वेळ झाली तरी दोघांची घासाघीस चालूच.

एक मुलगी मात्र काहीच घ्यायची नाही. पेटी मुठीत धरून बसायची. "शेठाणी, चिंचोके उकडून खाणार का?" अक्का चिडवायच्या. एके दिवशी तिने लाडू घेतला आणि शेजारच्या रिकाम्या पेटीवाल्या मुलीच्या हातावर ठेवला. अक्कांनी पाठ फिरवून फळा पुसला. फळा कोराच होता.

मलाही त्यांनी सोडलं नाही. दारावरची पाटी मी नव्याने रंगवायला दिली आणि पगार लांबले, तेव्हा माझ्या टेबलावर एक काडेपेटी आली. "सर, एकदा हलवून पहा."

कुणी पाहुणे आले की मी त्यांना हा खेळ दाखवायचो. "आमची कल्पना," असं म्हणायचो.

मग ते झालं. एका कापूस व्यापाऱ्याचा मुलगा आमच्याकडे होता. बाप किराणा दुकानात गर्दीत पैसे देत होता. पोराने त्याच्या हातातला मोबाईल ओढला, कानाशी हलवला आणि मोठ्याने म्हणाला, "पप्पा, वाजत नाही. रिकामा आहे. घरी चला." लोक हसले. एरवी बापही हसला असता. पण त्या हंगामात त्याचा एक सौदा बुडाला होता आणि बाजारात कुजबुज होतीच. दुसऱ्या दिवशी घेणेकरी त्याच्या दारात उभे.

तो माझ्याकडे आला. "तुमच्या बाई आमच्या घरातलं पोरांच्या तोंडून बाजारात वदवतात. त्यांना माफी मागायला लावा. नाहीतर मी पोरगा काढतो, आणि माझ्यामागे आणखी जातील."

खेळ माझ्या परवानगीने चालतो, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती."

पालकसभेत मी अक्कांना उभं केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात पाहत होतो. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या आणि बसल्या. सोमवारपासून त्या आल्या नाहीत. धुळ्याला लेकीकडे गेल्याचं कळलं.

मी प्लास्टिकचं गल्ल्याचं यंत्र आणून ठेवलं. बटण दाबलं की घंटी वाजते. दोन दिवसांत मुलं कंटाळली. मी उगाच त्या वर्गात जायचो, खेळणी इकडची तिकडे करायचो, बाहेर यायचो, पुन्हा जायचो. घरी बायको म्हणाली, "एका जागी बसा तरी."

शेवटी एका रविवारी धुळ्याची एसटी धरली. अक्का नातवाचं दूध गार करत होत्या. त्यांनी चहा टाकला. मी सुरुवात केली, "अक्का, तेव्हा मी..."

"थांबा सर. माझी माफी भरल्या सभेत घेतली. तुमची इथं स्वयंपाकघरात उरकता का?" आवाजात राग नव्हता. "चहा घ्या. गार होईल."

निघताना मी त्यांना पुढच्या सभेला बोलावलं. म्हणाल्या, "मी कशाला? बोलायचं तुम्हाला आहे."

त्या सभेला तो व्यापारी दुसऱ्या रांगेत होता. मी आधी फीबद्दल बोललो, मग स्नेहसंमेलनाबद्दल, मग रिक्षावाल्यांबद्दल. विषय संपले. लोक उठायला लागले.

"जरा बसा," मी म्हणालो. "मागे इथे अक्कांनी माफी मागितली. तो खेळ मला पहिल्यापासून माहीत होता. मला आवडायचा. पाहुण्यांना मीच दाखवायचो. मुलं जातील म्हणून मी घाबरलो, तुमच्याशी खोटं बोललो आणि त्यांना उभं केलं. अक्कांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं. मी त्यांची माफी मागतो."