नर्सबाय पक्की झाली

आमच्या तोंडवलीत ज्यानं नर्सबायच्या शिव्या खाल्ल्या नाहीत, तो माणूस जन्मात कधी आजारीच पडला नाही असं खुशाल समजावं. तिचं औषध निम्मं बाटलीत असे आणि निम्मं तिच्या तोंडात. रोगी दवाखान्याच्या पायरीवर दिसला की तिथूनच सुरुवात. "मेल्या, आठ दिस खंय होतंस? मराक टेकल्यार नर्सबाय आठवली?" एवढं ऐकून अर्धा आजार घाबरूनच पळे. बाय आमच्या शेजारची, ख्रिस्ती घरातली. बाप लोकांचे माड राखणारा, आई गोव्याची. वय तिशीकडे झुकलेलं. कोणी लग्नाचा विषय काढलाच तर "आधी जीभ दाखवा बघूया" म्हणून ती समोरच्याचं तोंड उघडायला लावी आणि विषय बंद करी.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. नाडी धरली की डोळे मिटून पुटपुटायला लागे. तीन वेळा 'नमन मरिये' ही प्रार्थना म्हटली की बरोबर एक मिनिट होतं, असा तिचा दावा. मी गावच्या शाळेचा मास्तर, संशय घेणं हा माझा धर्मच. शाळेचं घड्याळ नेऊन मी एकदा तपासलं, तर दोन सेकंदांचाही फरक निघेना. गावाला मात्र तो मंत्र वाटे. एक म्हातारा खलाशी तर काही दुखत-खुपत नसताना येऊन मनगट पुढे करून बसायचा. "बाय, तेवढो तुझो मंत्र म्हण गो, बरां वाटतां." बाय त्याच्यावर खच्चून ओरडे, आणि मग म्हणे.

एवढं असून सरकारदरबारी ती नर्स नव्हतीच. जुन्या डॉक्टरांनी हाताशी धरून शिकवलेली मदतनीस, गावच्या भाषेत 'कच्ची नर्स'. बाळंतपण ती करी आणि वहीत नाव डॉक्टरांचं लागे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा दवाखान्याला पक्क्या नर्सची जागा मिळणार अशी बोलवा उठली. म्हणजे कुठली तरी शिकून आलेली पोरगी येणार आणि बायनं तिच्या हाताखाली सुया उकळत बसायचं. त्या दिवशी बायनं कोणालाही शिवी दिली नाही. अख्खा गाव घाबरला. संध्याकाळी ती आमच्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तरांनू, माका पक्की नर्स होवचां आसा."

होणार कशी? मिशनच्या इस्पितळात शिकायचं तर फी, अनामत, गणवेश, आणि तीन वर्षं घरात कमाई बंद. शेवटी वाट सापडली ती सुकटीत. बाजारातून सुकट बांधून आलेल्या कागदावर घाटावरच्या एका सरकारी इस्पितळाची जाहिरात होती. शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, वर थोडं विद्यावेतन! बाय तो वास मारणारा कागद छातीशी धरून धावत आली. सातवीची फायनल पास हवी होती, ती होती. वय तिसाच्या आत हवं होतं, आणि तिला तीस पुरी व्हायला चारच महिने उरले होते. म्हणजे हीच खेप. ही हुकली तर जन्मभर सुया उकळायच्या. शेवटची अट होती की शिकून झाल्यावर पाच वर्षं सरकार पाठवील तिथे नोकरी करायची. त्या अटीकडे आम्ही दोघांनी फारसं लक्षच दिलं नाही. पाच वर्षं काय, बघता बघता जातात!

मुलाखत मराठीत होती. बाय बोलायची मालवणी, त्यात आईची कोंकणी मिसळलेली. सहा आठवडे मी तिला पुस्तकी मराठी शिकवली. 'माका' नाही, 'मला'. 'खंय' नाही, 'कुठे'. सगळ्यात छळलं ते 'जोर' या शब्दानं. त्यांच्या घरात तापाला जोर म्हणत; 'पोराक जोर इलो' म्हणजे पोराला ताप आला. "जोर म्हणायचं नाही, ताप म्हणायचं," मी बजावलं. का, ते सांगितलं नाही. आम्हा मास्तरांची ही जुनी खोड. ती बिचारी सराव करायची दवाखान्यात. एका मासेवालीला तिनं विचारलं, "आपल्याला कोठे वेदना होत आहेत?" ती बाई हमसाहमशी रडायलाच लागली. बाय इतकी गोड बोलते त्या अर्थी आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं.

मुलाखतीला मी सोबत गेलो. कणकवलीला गाडी बदलून घाट चढलो. मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं. आत एक घाटावरचे डॉक्टर आणि वयस्कर मेट्रनबाई. पहिली दहा मिनिटं बाय अशी काही शुद्ध बोलली की माझी छाती फुगली. मग डॉक्टरांनी विचारलं, "समजा, रोगी महिनाभर अंथरुणावर आहे. आता त्याच्या अंगात चांगला जोर आला. तुम्ही काय कराल?"

मी बाकावर ताठ झालो.

"प्रथम त्याला आडवं करीन," बाय ठणठणीत आवाजात म्हणाली. "कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवीन. जेवण बंद. नुसती पेज."

"जोर आल्यावर?"

"हो तर. उठायचा हट्ट केला तर दोन माणसांकडून धरून ठेवीन."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि एवढं करूनही जोर गेला नाही तर?"

"जाईल, साहेब. आमच्या गावात आठ दिवसांच्या वर मी कोणाचा जोर टिकू दिलेला नाही."

मी उठून दाराकडे धावलो, तर शिपायानं मला दंडाला धरून परत बसवलं. आत डॉक्टर म्हणत होते, "बाई, अहो, तुम्ही रोग्याला बरं करता की पुन्हा पाडता?" झालं! बायचा सहा आठवड्यांचा संयम तिथं संपला. "अहो डॉक्टरांनू, जोर इलेल्या माणसाक कोण जेवाक घालतां? तुमचो रोगी मरतलो मां!"

मी डोळे मिटले. संपलं, आणि संपवलं ते मी, असंच मला वाटलं. तेवढ्यात मेट्रनबाई खदखदून हसायला लागल्या. "बाय गो, तुजी आवय गोंयची?" त्यांनी चक्क कोंकणीत तिच्या आईचं गाव विचारलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या घरी जोर म्हणजे ताप. आता उत्तरं पुन्हा आठवून बघा."

डॉक्टरांनी आठवली असावीत, कारण तेही हसले. बायला प्रवेश मिळाला. परतीच्या गाडीत ती कणकवलीपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. उतरताना मात्र तिनं मला सहा आठवड्यांच्या साठलेल्या सगळ्या शिव्या एकदम दिल्या.

तीन वर्षांनी ती पास झाली, सरकारच्या पटावर नाव चढलं. आमच्या दवाखान्यात तिचीच नेमणूक होणार, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. हुकूम आला तो पार नागपूरच्या पलीकडचा, जंगलातला. पाच वर्षं आम्ही मोजली. ती पुरी झाल्यावर मे महिन्यात ती पंधरा दिवस रजेवर आली. मी विचारलं, "आता बदली मागणार ना?" "मास्तरांनू, थंय बायका बाळंतपणाक वीस-वीस मैल चलत येतत," ती म्हणाली. "मी हंय इलंय तर त्या खंय जातल्या?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सगळं माझ्याच सोयीचं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर रागही आला. तिला पोचवायला मी गाडीपर्यंत गेलो. कंडक्टरनं घंटा मारेपर्यंत 'राहा' हा एक शब्द म्हणायचं मनात घोळवत होतो. तो काही तोंडातून निघाला नाही. ती राहिली नसतीच, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणायला हवं होतं.