ओके दाबणारी माणसं

परवा रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. चिंता दोन होत्या. मीच हट्टानं घ्यायला लावलेला नवा प्रोग्राम दुकानात चालेल का, ही एक. दुसरी चिनूची. शाळेला सुट्टी, म्हणून तिला सोबत नेणं भाग होतं. पोरगी सात वर्षांची, पण कुठे काही चिकटवलेलं दिसलं की तिचं नख तिथे पोचतंच. अमरावतीतल्या आमच्या लग्नपत्रिका छापायच्या दुकानात किस्से तसेही धुळीसारखे साचतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. हे मात्र सगळे कालच्या एका दिवसातले.

*

मालक प्रकाशभाऊ. पत्रिकेचा मजकूर टाइप करायचा आमचा जुना प्रोग्राम त्यांना महिनाभर फुकट वापरायला मिळाला होता. तो महिना त्यांनी वर्षानुवर्षं संपूच दिला नाही! कसा, असं विचारलं की डोळा मिचकावतात. "ताई, महिना आपल्या हातात असते."

त्यात जोडाक्षरं फुटायची, म्हणून मी नव्याचा लकडा लावला. भाऊंनी घेतला आणि बजावलं, "हा नाई चालला तं तुमी घरी बसून पोरगी सांभाळा."

मी एम.ए., बी.एड. ही धमकी होती की सल्ला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

नव्याला जागा हवी म्हणून भाऊंनी आधी जुना उडवला. मग नवा टाकला. शंभर टक्के दिसताच त्यांनी सीपीयूला हार घातला, नेमका पंख्याच्या जाळीवर, आणि पेढे वाटले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी संत्र्याच्या पेटीवरचं एक स्टिकर डकवलेलं आहे. त्याला हात लावायची सक्त मनाई. मी आपली समजत होते, नजर लागू नये म्हणून असेल. काल त्यालाही कुंकू लागलं.

मग आयकॉनवर क्लिक. इंग्रजीत एक चौकट आली. भाऊंनी ओके दाबलं. चौकट गेली, तिच्यासोबत प्रोग्रामही गेला. पुन्हा क्लिक, पुन्हा चौकट, पुन्हा ओके.

"भाऊ, वाचू तर द्या."

"वाचून काय करता? ओकेच लिवलं हाय ना!"

*

समोर भातकुलीचे एक काका बसलेले. लेकीच्या लग्नाची पत्रिका संध्याकाळपर्यंत मशीनवर चढायला हवी होती. भाऊ कॉम्प्युटर बंद करत होते, चालू करत होते. काका बराच वेळ बघत राहिले.

"आमची म्हैस बी असंच करते," ते म्हणाले. "पण तिले सरकीची ढेप टाकली का उठते."

*

आमच्या अकोल्याच्या दुकानात इरफानभाई आहेत. त्यांच्याकडे हाच प्रोग्राम बिनतक्रार चालतो. फोनवर म्हणाले, चौकटीचा फोटो पाठवा. भाऊंनी पाठवला. फोटोत होतं भाऊंचं पडद्याकडे दाखवणारं बोट, आणि बोटाआडून डोकावणारा एकच शब्द: डेट.

इरफानभाईंनी विचार केला. "ताई, डेट में गडबड दिखती. शादी की तारीख देख लो एक बार."

भाऊंनी काकांना मुहूर्त विचारला. काकांनी घरी विचारला, घरच्यांनी भटजींना. मुहूर्त अगदी बरोबर निघाला. प्रोग्राम तरीही उठला नाही. आणि या सगळ्याला मी, एम.ए., बी.एड., गंभीरपणे मान हलवत होते.

*

दुपार कलली तसा काकांनी दुसऱ्या दुकानाचा पत्ता विचारला. भाऊ माझ्याकडे बघत, पण फोनवर कुणाला तरी, दुसरी ऑपरेटर मिळते का म्हणून विचारायला लागले. मला रडू येत होतं. ते लपवायला पडद्याकडे वळले, तर चिनू खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली आणि तिचं नख स्टिकरखाली गेलेलं.

मी ओरडेपर्यंत संत्रं तिच्या बोटावर आलं होतं. त्याच्या जागी कॉम्प्युटरची तारीख दिसत होती, पुढे साल.

भाऊंनी फोन खाली ठेवला.

चिनूनं एकेक आकडा बोट लावून वाचला. मनाशी काहीतरी हिशेब केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"मम्मी, याच्यात तं मी अजून झालीच नाही."