रिजेक्टकाकांची होडी

रिजेक्टकाकांना जगातली एकही वस्तू पसंत नव्हती, आणि ही नापसंती म्हणजेच बुद्धिमत्ता, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तपासणी विभागात त्यांची उभी नोकरी गेली. सदोष मालावर तांबडा ठिपका देणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर काम सुटले, ठिपका सुटला नाही. तशाच रंगाची एक डबी त्यांनी बाजारातून आणली आणि घराची तपासणी आरंभली. काकूंचा पोळपाट, कुकरचे झाकण, बादली, देवघरातली समई, सर्वांवर ठिपके पडले. काकूंनी त्यांतले काहीही फेकले नाही. ठिपकेवाल्या कुकरात डाळ शिजे आणि काका ती दोनदा वाढून घेत. निकालाचा वस्तुस्थितीशी संबंध नसला की निकाल देणे फार सोपे असते.

आमचे क्वार्टर शेजारचेच, त्यामुळे मीही त्यांच्या तपासणीतून सुटले नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी केलेल्या पाणचक्कीवर त्यांनी ठिपका दिला. चक्की फिरत होती. "फिरून राह्यली, पण आवाज करते," ते म्हणाले. त्यांच्या कोशात शाबासकीचा एकच शब्द होता, "चालेल", आणि तोही मी कधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. काकूंनी भाजीची चव पाहून मीठ बरोबर आहे असे म्हटले, की ते बोट उगारत: "ज्यानं बनवलं, त्यानं पास नाही करायचं. इन्स्पेक्शनचा पहिला नियम हाय." नियम उत्तम होता. तो वापरणारा माणूस सामान्य होता.

त्यांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचा संगणक मागे राहिला. स्वस्तातले गेम कंट्रोलर सगळे भंगार असतात, असे तो एकदा फोनवर सहज बोलून गेला. मुलाने आपल्याआधी निकाल द्यावा, हे काकांना सहन होणे शक्य नव्हते. ते स्कूटरवर शेजारच्या दुर्ग शहरात गेले आणि बाजारातला सर्वांत स्वस्त कंट्रोलर घेऊन आले. मग मला हाक आली. मी तेव्हा पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला होते आणि संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते. "ए सायन्सवाली, इकडे ये. हे जोडून दे."

कंट्रोलरमध्ये दोष सापडेना, म्हणून त्यांनी खेळांत शोधायला सुरुवात केली. मोटारशर्यतीत वळणावर रस्त्याला पुरेसा उतार नव्हता: रिजेक्ट. युद्धाच्या खेळात नायक सारख्या गोळ्या झाडत होता. "एवढ्या गोळ्या याले स्टोअरमधून इश्यू कोणं केल्या?" रिजेक्ट. फुटबॉलमध्ये पंच कुठे उभा आहे ते दिसत नाही: रिजेक्ट. पडद्यावर ठिपका देता येत नाही, याचे त्यांना खरोखर वाईट वाटत असावे. करमणुकीच्या साधनातून इतक्या निष्ठेने करमणूक वगळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी मी कंटाळून एक लहानसा, संथ खेळ लावून दिला. एक होडी, चार-दोन बेटे, बेटांवरच्या लोकांना टपाल पोचवायचे. काका बसले, आणि बसूनच राहिले. संध्याकाळचा चहा टेबलावर निवला. दुसऱ्या दिवशी मी डोकावले तर ते पडद्यावरच्या एका म्हातारीला पत्र देऊन तिच्या उत्तराची वाट पाहत होते. "मजा येते ना, काका?" मी मुद्दाम विचारले. "मजेचा काय संबंध? टेस्टिंग करून राह्यलो," ते म्हणाले, पण होडीवरून नजर हलली नाही.

अडचण एकच होती. होडी धक्क्याला लावताना ती स्थिर ठेवावी लागे, आणि काकांची होडी थरथरे. धक्क्यावर आपटे, मागे सरे, टपाल पाण्यात पडे. काकांना हवा असलेला दोष अखेर सापडला. त्यांनी कंट्रोलरला ठिपका दिला आणि दुर्गला जाऊन तो बदलून आणला. नवाही तसाच. तोही बदलला. पुढच्या फेरीला मी सोबत होते. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, पीस बिलकुल ठीक है. मैं खुद चला के देखा हूँ."

"ज्यानं विकलं, तो पास करून राह्यला," काका मला म्हणाले, आणि विजयी मुद्रेने नवा नग घेतला. परतताना त्यांची स्कूटर एका सायकलवाल्याला जेमतेम चुकवून गेली. स्कूटरचे हँडल खराब आहे, असे त्यांनी जाहीर केले.

त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढले. "बाई, यायचा हात थरथरते. चहा बशीत सांडते. मी सांगतलं तर मनतात, कप खराब हाय." ओट्यावर कप ओळीने पालथे होते. प्रत्येकाच्या बुडाला तांबडा ठिपका. "डॉक्टरकडे चला मनतलं तर मलेच विचारतात, कावून? आता तू सांग. तुह्यं ऐकतीन."

माझे ऐकतील यावर माझा विश्वास नव्हता, प्रयोगावर होता. मी बाहेर आले आणि कंट्रोलर टेबलावर ठेवला. "काका, हात लावू नका. होडी बघा." होडी निश्चल. मग तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी आयुष्यात प्रथमच तो धरला होता; होडी धक्क्याला अलगद लागली. मग काकांना दिला. उजवा अंगठा कंट्रोलरच्या दांडीवर टेकताच होडी थरथरू लागली.

"तुमचा हात तुम्हीच पास केलात," मी म्हणाले. "पहिला नियम काय आहे?"

इतकी वर्षे सदोष वस्तू हेरणाऱ्या या गृहस्थाने संशयितांच्या यादीत स्वतःला एकदाही धरले नव्हते. माझ्या प्रयोगशाळेतला नवखा विद्यार्थीही ही चूक करत नाही. काका उठले, डबी आणली, आणि डाव्या हाताने उजव्या अंगठ्याच्या नखावर नेटका ठिपका दिला.

"अगंबाई, नेलपॉलिश!" काकू हसल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

"पार्ट जुना झाला," काका म्हणाले. "कंपनीचाच दोष हाय." स्कूटरची किल्ली त्यांनी काकूंसमोर ठेवली. "चाल, दाखवून येऊ. रिक्षा बोलाव."

आता ते क्वार्टर सोडून दुर्गच्या पद्मनाभपूर वस्तीत राहतात आणि मी संशोधनासाठी भिलाईबाहेर. आजार कंपवाताचा निघाला, बरा होणारा नाही. औषधाने आटोक्यात आहे. गोळ्यांचा रंग, डॉक्टरांचे अक्षर, रिक्षाची गादी, सारे यथाक्रम रिजेक्ट झाले आहे. होडी हल्ली काकू चालवतात. काका शेजारी बसून, कुणी न विचारता, दिशा सांगतात. परवा काकूंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "काल होडी लावली ना मी, तं हे मनाले, चालेल."

त्या बाईच्या हातचे जेवण जन्मभर जेवून या माणसाला हा शब्द सापडला तो खेळातल्या होडीसाठी. मला संताप आला. पण काकू ते वाक्य पुन्हा सांगत होत्या, आणि मी ते पुन्हा ऐकून घेतले.